डिझेल पंप खरंच गेलाय का? मग तो नीट उतरवा

सेल मारला की इंजिन चांगलं फिरतंय, बॅटरी दमदार आहे, पण सायलेन्सरातून धुराची एक रेषसुद्धा निघत नाही. अशा वेळी ट्रॅक्टरभोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पंप गेला, उतरवा.’ माझं म्हणणं एवढंच आहे, की पंप गेला हे सिद्ध झाल्याशिवाय त्याच्या नटाला पाना लावू नका. डिझेलच्या वाटेवर टाकीपासून नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) जेवढे भाग आहेत, त्यांत पंप सगळ्यात महाग आहे आणि सगळ्यात शेवटी खराब होणाऱ्यांपैकी आहे. त्याच्या आधीची चाळणी, वायसर, रबरी नळी, फीड पंप (टाकीतलं डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) यांतलं काहीतरी बिघडतं आणि दोष पंपावर येतो. विनाकारण उतरवलेल्या पंपात कचरा जातो, टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, हलतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

तुमच्या ट्रॅक्टरवर कोणता पंप आहे ते आधी पाहा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून आहे. नोझलकडे जाणारे जाड लोखंडी पाइप पंपाच्या डोक्यावरून एका ओळीत निघत असतील, तर तो इनलाइन पंप. पाइप गोल डोक्याच्या भोवतीने निघत असतील, तर तो रोटरी. आपल्याकडच्या महिंद्रा 575 डीआय, स्वराज 735, 855 अशा ट्रॅक्टरांवर इनलाइन पंप दिसतो. लोक त्याला सर्रास मायको पंप म्हणतात. बॉशची भारतातली कंपनी 1951 साली मायको म्हणूनच सुरू झाली होती आणि नाव बदललं तरी बोलीतून ते गेलेलं नाही. पर्किन्स घराण्यातल्या तीन सिलिंडरच्या जुन्या इंजिनांवर, म्हणजे जुन्या मॅसींसारख्या ट्रॅक्टरांवर, बऱ्याचदा डीपीए जातीचा रोटरी पंप मिळतो.

दोघांच्या पोटात मोठा फरक आहे. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एलिमेंट (दाब देणारा प्लंजर आणि त्याचं नळकांडं) आणि स्वतंत्र डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पाइपाकडे डिझेल सोडणारी झडप) असतो. डीपीए पंपात एकच फिरणारा रोटर असतो, त्यात समोरासमोर दोन प्लंजर, आणि तीच जोडी आळीपाळीने सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटते. यातून एक कामाची गोष्ट निघते. रोटरी पंपाच्या इंजिनात एकच सिलिंडर मिस होत असेल, तर दोष पंपाचा असण्याची शक्यता फार कमी. वाटणारा हात एकच असताना तो एकालाच उपाशी कसा ठेवील? नोझल, तिथला पाइप किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाहा. इनलाइन पंपात मात्र एकाच सिलिंडरचं एलिमेंट झिजू शकतं किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह अडकू शकतो.

धूर पाहा, मग टाकीपासून सुरुवात करा

सेल मारताना धूर अजिबात नसेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचत नाही. पांढरा धूर भरपूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग थंडी, कमी कॉम्प्रेशन, उशिराचं टायमिंग किंवा सेलचं मंद फिरणं यांचा विचार करा. तिथे पंप उतरवून काही हाती लागत नाही. इंजिन चालू आहे आणि लोडवर काळा धूर ओकतंय, तर आधी एअर क्लीनर उघडा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, आणि बहुतेक वेळा डिझेल वाढलेलं नसतं, हवा घटलेली असते.

टाकीपासूनची तपासणी घाईत उरकू नका. टाकीच्या टोपणाला हवा आत घेणारं बारीक छिद्र असतं. रोटाव्हेटरच्या धुळीने ते बुजलं की डिझेल कमी होईल तशी टाकीत ओढ तयार होते आणि अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन दम सोडतं. टोपण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला आणि मग ट्रॅक्टर नीट चालला, तर दोष सापडला. त्यानंतर कॉक पूर्ण उघडा आहे का, टाकीतली जाळी तुंबली आहे का, फिल्टरच्या तळाशी पाणी आहे का हे पाहा.

मग स्टॉपची केबल. हिला मी मुद्दाम वेगळी जागा देतो, कारण पंप उतरवून झाल्यावर ‘अरे, केबल गंजून अडकली होती’ असं कळण्यासारखं दुसरं नुकसान नाही. नॉब आत ढकलल्यावर पंपावरचा स्टॉप लिव्हर खरोखर चालू बाजूला पूर्ण परत येतो का, हे बाजूला उभं राहून डोळ्यांनी पाहा. शंका असेल तर केबल सोडून लिव्हर हाताने चालू बाजूला न्या आणि सेल मारा. रेसच्या लिव्हरचंही तसंच करून पाहा.

आता पंपाच्या तोंडाशी डिझेल येतंय का. पंपात शिरणारा पाइप सैल करा, खाली स्वच्छ बाटली धरा आणि फीड पंपाचा हँड प्रायमर मारा. धार जाड, सलग आणि बुडबुड्यांविना यायला हवी. फीड पंप डायाफ्रामचा (लवचीक पडद्याचा) असेल, त्याला लिफ्ट पंप म्हणतात, तर त्याचा हाताचा लिव्हर हलवताना कधी कधी तो ढिला लागतो, काहीच ओढत नाही. इंजिनचा कॅम त्या क्षणी लिफ्ट पंपाच्या दांड्याला वर धरून बसलेला असतो, म्हणून तसं होतं. इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. हे माहीत नसल्यामुळे चांगले लिफ्ट पंप बदलले जातात.

धारेत बुडबुडे असतील, तर पंपाच्या अलीकडे कुठेतरी हवा शिरते आहे. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीवर चालतो. तिथे फट असली तरी डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा मात्र आत जाते. म्हणून ‘कुठेच ओलं नाही, मग हवा कुठून येणार’ हा युक्तिवाद फसवा आहे. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर, फिल्टर वाटीची रबरी रिंग आणि नळीच्या क्लिपा या तीन जागा आधी. वायसर पुन्हा वापरायचाच असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं आणि पुन्हा बसतं. नवा वायसर मात्र एवढा स्वस्त आहे, की तोच घालावा.

कॅनची परीक्षा

एवढं करूनही निकाल लागत नसेल, तर माझ्या मते सगळ्यात खात्रीची परीक्षा ही आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं ताजं डिझेल भरा, पंपापेक्षा दोन-तीन फूट उंच लटकवा आणि त्याची नळी एका छोट्या नव्या फिल्टरमधून थेट पंपाच्या तोंडाला जोडा. ट्रॅक्टरची टाकी, जुना फिल्टर, फीड पंप सगळं बाजूला राहिलं. पंपातली हवा काढा आणि सेल मारा. इंजिन सुरू झालं आणि लोड घेतला, तर पंप निर्दोष आहे. इंजिन सुरू झालं नाही, तर संशय पहिल्यांदा पंपावर येतो.

कॅन जोडलेला असतानाच पुढची पायरी घ्या. सगळ्या नोझलवरचे युनियन नट एक-दोन फेरे सैल करा, रेस पूर्ण उघडी ठेवा, स्टॉप चालू बाजूला ठेवा आणि आठ-दहा सेकंद सेल मारा. प्रत्येक पाइपातून ठोक्याठोक्याने डिझेल उसळायला हवं. पंपाच्या तोंडाशी धार उत्तम असून एकाही पाइपातून थेंब नाही, तर पंपाच्या आत काहीतरी थांबलं आहे: डीपीएमध्ये मीटरिंग व्हॉल्व्ह (डिझेल मोजून सोडणारी झडप) अडकला, रोटर जाम होऊन ड्राइव्ह तुटला, किंवा इनलाइनमध्ये रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी आतली दांडी) बंद बाजूला चिकटला.

इथे एक सावधगिरी अगदी ठाम सांगतो. त्या फवाऱ्यासमोर बोट, तळहात, चेहरा काहीही नेऊ नका. ट्रॅक्टरच्या नोझल साधारण 170 ते 200 बार किंवा त्याहून जास्त दाबाला उघडतात. शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात एक-सव्वा बार हवा असते, यावरून त्या जोराचा अंदाज घ्या. बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. पण आत डिझेल पसरून मांस मरतं, बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका. तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

एकच सिलिंडर मिस होत असेल, तर इंजिन संथ चालू ठेवून एकेक युनियन नट किंचित सैल करून पाहा. नट सैल केल्यावर इंजिनचा आवाज पडला, तर ते सिलिंडर काम करत होतं. आवाजात फरकच नाही, तर तेच मेलेलं. त्याची नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल खराब. जागीच राहिला तर कॉम्प्रेशन तपासा, आणि इनलाइन असेल तर पंपाचं ते एलिमेंट.

पंपच दोषी आहे हे सांगणाऱ्या खुणा

रोटरी पंपाची सगळ्यात ओळखीची तक्रार अशी: सकाळी थंड असताना एका सेलमध्ये सुरू, दुपारपर्यंत नांगरट केली, पाणी प्यायला बंद केला आणि मग काही केल्या सुरू होत नाही. दोन तासांनी गार झाल्यावर पुन्हा सुरू. रोटर आणि त्याच्या भोवतीचं डोकं यांत एक-दोन मायक्रॉनचीच फट असते. माणसाचा केस पन्नास-शंभर मायक्रॉन जाड असतो. झिजून ही फट वाढली, की गरम होऊन पातळ झालेलं डिझेल त्यातूनच निसटतं, आणि सेलच्या मंद फेऱ्यांत नोझल उघडण्याइतका दाब बनत नाही. गरम इंजिन सुरू होत नसताना पंपाच्या डोक्यावर गार पाण्यात पिळलेलं फडकं पाच-दहा मिनिटं गुंडाळा आणि सेल मारा. लगेच सुरू झाला तर डोकं-रोटर झिजलं आहे. बादलीने पाणी ओतू नका. आणि चालू, तापलेल्या पंपावर तर कधीच गार पाणी मारू नका: बाहेरचं डोकं आकसतं, आतला रोटर गरमच असतो, आणि तेवढ्याशा फटीत तो जागीच धरतो. काम संपल्यावर गरम ट्रॅक्टर प्रेशरच्या पाण्याने धुण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी.

दुसरी खूण डिपस्टिकवर दिसते. चेंबरमधल्या ऑइलची पातळी आपोआप वाढते, ऑइल पातळ लागतं आणि डिझेलचा वास येतो. याची दोन कारणं: पंपाच्या ड्राइव्ह शाफ्टचं सील गेलं आणि डिझेल टायमिंग केसमध्ये (इंजिनच्या पुढच्या गिअरांच्या घरात) उतरतंय, किंवा लिफ्ट पंपाचा डायाफ्राम फाटला. डायाफ्राम स्वस्त आणि सोपा, म्हणून तो आधी पाहा. लिफ्ट पंप बाजूला काढून कॅनवर इंजिन चालवलं आणि तरी पातळी वाढली, तर सील. तपासणीपुरतंच चालवा आणि त्याआधी ऑइल बदलून घ्या. पातळ ऑइलवर बेअरिंग जळतात आणि पातळी फार वाढली तर इंजिन चेंबरमधलंच ऑइल ओढून बेफाम पळू शकतं. इनलाइन पंपाला स्वतःचं ऑइल असेल, तर त्याचा लेव्हल प्लग उघडून पाहा. झिजलेल्या एलिमेंटमधून उतरलेलं डिझेल तिथे मिसळलेलं सापडतं.

पावसाळाभर उभा राहिलेल्या ट्रॅक्टरच्या इनलाइन पंपाला रॅक चिकटण्याचा त्रास होतो. बंद बाजूला चिकटला तर सुरू होत नाही, पूर्ण उघड्या बाजूला चिकटला तर इंजिन सुरू होताच बेलगाम वेग घेतं आणि स्टॉप ओढून थांबत नाही. म्हणून जून-जुलैपासून उभा असलेला ट्रॅक्टर पहिल्यांदा सुरू करताना स्टॉप आणि रेस दोन्ही हलवून पंपावरचे लिव्हर मोकळे फिरतात का पाहा. हवेच्या वाटेचं तोंड झाकेल अशी जाड फळी हाताशी ठेवा. वेग सुटला तर हवा बंद करणं हाच उपाय. तळहात किंवा फडकं लावू नका, इंजिन ते ओढून घेतं.

इंजिन संथ गतीत वर-खाली होत राहणं, म्हणजे हंटिंग, हे गव्हर्नरचं, म्हणजे वेग आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेचं, लक्षण असू शकतं. पण त्याआधी हवा आणि ढिल्या जोडण्या नाहीत याची खात्री करा.

उतरवताना

इथून पुढचं मी तीन सिलिंडरच्या पर्किन्स घराण्यातल्या इंजिनावरचा डीपीए पंप डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. इनलाइनचा वेगळेपणा जिथे आहे तिथे सांगेन.

पहिलं काम पाना उचलणं नाही, धुणं. इंजिन पूर्ण गार असताना पंप, पाइप, नोझलभोवतीचा भाग आणि टायमिंग कव्हर डिझेल आणि ब्रशने घासा, हवा मारून कोरडं करा. ज्या फटीची गोष्ट वर केली, तिच्यात मातीचा न दिसणारा कण गेला तरी पंप संपला. बॅटरीची अर्थची वायर काढा, टाकीचा कॉक बंद करा. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, विशेषतः रेसच्या स्प्रिंगचं टोक कोणत्या भोकात आहे याचा.

पुढे एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) आणा. इंजिनच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवा. एक नंबरची नोझल काढून त्या भोकावर अंगठा धरला, तर दाब लागतो. किंवा रॉकर कव्हर उघडा: एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले पाहिजेत आणि पुली किंवा फ्लायव्हीलवरची खूण जुळली पाहिजे. या इंजिनांत गिअर जागेवरच राहतो, म्हणून हे केलं नाही तरी पंप निघतो. पण बसवताना हेच काम करतं, आणि दोन महिन्यांनी पंप परत आल्यावर कुणाच्या लक्षात काय राहतं?

लोखंडी पाइप सोडताना दोन पाने लागतात. एकाने पंपावरचा खालचा होल्डर धरून ठेवायचा, दुसऱ्याने वरचा नट सोडायचा. एकाच पान्याने जोर लावला तर होल्डर फिरतो आणि आतली बैठक ढिली होते. इनलाइनमध्ये तर डिलिव्हरी व्हॉल्व्हचं सेटिंगच बिघडतं. पाइप क्लिपांसकट एकत्र काढा, वाकवू नका. वाकलेला पाइप पुन्हा बसवताना तोंड तिरकं लागतं आणि नट आवळला की आटे जातात. तोंडं ताबडतोब झाका: पंपाची, नोझलची, पाइपांची दोन्ही बाजूंची. प्लास्टिकच्या टोप्या उत्तम. नसतील तर स्वच्छ पॉलिथीन आणि रबर. कापसाचे बोळे आणि कॉटन वेस्ट नको, त्याचे तंतू आत जातात. मग येणारा पाइप, परतीचा पाइप, रेस आणि स्टॉपच्या जोडण्या.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण. पंपाच्या फ्लँजवर (इंजिनला नटांनी बसणाऱ्या कडेवर) आणि टायमिंग केसवर कारखान्याची कोरलेली रेष सहसा समोरासमोर असते. ती असली तरी आणि नसली तरी, दोन्ही भागांवरून जाणारी एक सरळ रेष तुम्ही स्वतः टोकदार छिन्नीने कोरा. खडू, मार्कर, रंग यांवर विसंबू नका, वर्कशॉपमध्ये पंप धुतला की ते सगळं जातं. फ्लँजची भोकं लांबट असतात, त्यामुळे रेषेवाचून बसवला तर टायमिंग काही अंश पुढे-मागे होणारच.

टायमिंग केसच्या पुढच्या बाजूला छोटं झाकण असतं, ते काढलं की पंपाचा गिअर दिसतो. तो तीन स्क्रूंनी पंपाच्या शाफ्टच्या हबला धरलेला असतो. स्क्रू सोडण्याआधी गिअरच्या खालच्या फटीत स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं कोंबा. इथून निसटलेला स्क्रू किंवा वायसर थेट चेंबरमध्ये जातो आणि मग अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांचं होतं. स्क्रू आणि वायसर मोजून डबीत ठेवा. गिअर आणि शेजारच्या आयडलरच्या (त्याला फिरवणाऱ्या मधल्या गिअरच्या) दातांना रंगाचा ठिपका लावा. यानंतर पंप परत बसेपर्यंत कुणीही सेल मारायचा नाही. किल्ली खिशात ठेवा.

मग फ्लँजचे नट. मागचा-खालचा एक नट हाताच्या आणि डोळ्यांच्या आड असतो, त्यासाठी वाकडा आखूड रिंग पाना हवा. साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल केले, की तो निघणं कठीण होतं. पंप एका हाताने खालून तोलून धरा आणि सरळ मागे ओढा. रेसच्या लिव्हरला धरून उचलायचा नाही. अडला तर हातोडी मारू नका, बहुतेक वेळा एखादा नट राहिलेला असतो किंवा गॅस्केट चिकटलेलं असतं. लाकडी ठोकळ्याने हलकासा धक्का पुरतो.

इनलाइन पंपांत पुष्कळदा गिअर निमुळत्या शाफ्टवर चावी आणि नटाने बसलेला असतो. तिथे पुलर लागतो. शाफ्टच्या तोंडावर हातोडी मारली की कॅमशाफ्टचं बेअरिंग आणि आटे दोन्ही जातात. अर्धगोल चावी निघताना पडते, तिच्यावर नजर ठेवा. हा पंप जड असतो, दोन माणसं ठेवा.

पंप देताना आणि परत घेताना

उतरवलेला पंप अंगणात उघडू नका. डीपीएच्या बाजूच्या छोट्या झाकणावर तार आणि शिशाचं सील असतं, ते तोडलं की आतलं टायमिंग हलण्याचा धोका आहे. डोकं आणि रोटर एकमेकांसाठी घासून बनवलेली जोडी आहे, एक नवा आणि एक जुना असं चालत नाही. टेस्ट बेंच असलेल्या वर्कशॉपमध्येच द्या, आणि सगळ्या नोझल सोबत द्या. नोझलचा दाब कमी-जास्त असेल तर कॅलिब्रेशन केलेल्या पंपावरही इंजिन नीट चालत नाही. पंपावरच्या पाटीचा नंबर लिहून ठेवा. जुने काढलेले भाग परत मागा आणि ते पाहा. रोटरवर तांबूस डाग म्हणजे पाणी, उभे ओरखडे म्हणजे धूळ, निळसर जळका रंग म्हणजे डिझेलवाचून कोरडा फिरला. डीपीए पंपाला वंगण डिझेलचंच असतं, त्यामुळे कारण बहुतेक टाकीतच असतं. पंप बाहेर आहे तोवर टाकी उतरवून धुवा. बॅरलमध्ये साठवलेलं डिझेल तळापासून काढू नका, तळाशी पाणी बसतं. आणि काम संपल्यावर टाकी अर्धी रिकामी ठेवण्यापेक्षा भरून ठेवा, म्हणजे रात्री आत दव धरत नाही.

परत बसवण्याआधी पंपात स्वच्छ डिझेल भरा, कोरडा सेल मारू नका. नवं गॅस्केट घाला. हबची खूंटी आणि गिअरमधली खाच जुळवा, स्क्रू हाताने लावा, फ्लँजची रेष रेषेसमोर आणा, मग नट आवळा. हवा काढण्याचा क्रम असा: फिल्टर, मग पंपाच्या डोक्याजवळचा स्क्रू, मग गव्हर्नरच्या घराच्या वरचा स्क्रू, आणि शेवटी सेल मारत नोझलचे युनियन नट. सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, नाहीतर सेल जळेल.

सुरू झाल्यावर ठणठण आवाज जास्त येत असेल तर टायमिंग लवकरचं, पांढरा धूर आणि मंद पिकअप असेल तर उशिराचं. इंजिन बंद करून नट किंचित ढिले करा. पंपाचं अंग शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरवलं की टायमिंग लवकर होतं, त्याच दिशेला फिरवलं की उशिरा. एका वेळी रेषेच्या जाडीइतकंच हलवा आणि पुन्हा सुरू करून ऐका. जुन्या रेषेपासून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवावं लागत असेल, तर गिअर एक दात चुकला आहे किंवा पंपाचं आतलं टायमिंग चुकलं आहे. तिथे थांबा आणि झाकण पुन्हा उघडा. आठ-दहा तास काम झाल्यावर पाइपांचे नट एकदा हाताखालून घाला आणि फिल्टरची वाटी उघडून तळ पाहा. पाणी किंवा तांबूस गाळ पुन्हा दिसला, तर त्याच दिवशी टाकी परत धुवा.